त्या चार पेनींबद्दल लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'जॅक द रिपर' या बायकांचे खून करणाऱ्या, कधीच न सापडलेल्या खुन्यावर पानभर मजकूर आला. लंडनच्या गरीब वस्तीवर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना १८८८ च्या खुनांतला खुनी ठाऊक असावा, असा लेखकाचा रोख आहे. मला तो मुळीच पटला नाही.

मार्गारेट हार्कनेसच्या 'कॅप्टन लोब'मध्ये एक खाटीक खुनाची कबुली देतो, हे खरे. पण ती कादंबरी १८८९ ची, म्हणजे खुनांनंतरची. आर्थर मॉरिसनची 'अ चाइल्ड ऑफ द जॅगो' तर १८९६ ची. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

या कादंबऱ्यांत पानोपानी दिसते ती पोटाची आणि निवाऱ्याची ओढाताण. खुनांचा धागा तिथे जुळतो. व्हाइटचॅपल या लंडनच्या गरीब वस्तीतल्या लॉजिंग हाउसमध्ये रात्रीपुरत्या खाटेला चार पेनी पडत. ३१ ऑगस्टला मध्यरात्र उलटल्यावर मेरी ॲन निकोल्सकडे तेवढे नव्हते, म्हणून तिला बाहेर काढले. डोक्यावरची नवी टोपी दाखवत ती हसून म्हणाली, पैसे आत्ता आणते. पहाटे पावणेचारच्या सुमारास रस्त्यात तिचे प्रेत सापडले. आठवड्याभराने ॲनी चॅपमनही खाटेच्या पैशांपायीच रात्री दोनच्या सुमारास बाहेर पडली, ती परत आली नाही. मेरी केलीला स्वतःची खोली होती, पण २९ शिलिंग भाडे थकलेले. ते मागायला आलेल्या माणसालाच ९ नोव्हेंबरला खिडकीतून तिचे प्रेत दिसले.

माझी आई इथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुटायला उशीर झाला की बायका एकमेकींसाठी थांबत आणि घोळक्यानेच घरी येत. केसांत तंबाखूची भुकटी, कनवटीला दिवसाची मजुरी. एकटीने निघायचे नाही, हे कुणी शिकवावे लागत नसे. म्हणून त्या चार पेनी वाचताना माझ्या पोटात कालवले. आपल्या लेखात मात्र त्यांचा उल्लेखही नाही. सुऱ्याचे वर्णन तेवढे दोन परिच्छेद.

नाटककार बर्नार्ड शॉ यांनी १८८८ च्याच सप्टेंबरात लंडनच्या 'द स्टार' या वृत्तपत्रात पत्र लिहून सुनावले होते, की खून पडले तेव्हा कुठे श्रीमंतांचे लक्ष या वस्तीकडे गेले.

पुढच्या भागात त्या बायका कुठे राहत, काय काम करत, हे छापावे. आणि आपल्या जिल्हा पानावर 'अनोळखी महिलेचा मृतदेह' अशी दोन ओळींची बातमी येते, तिची ओळख पटल्यावर ती कोण होती हेही त्याच जागी छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, निपाणी