टाकी थंड होईपर्यंत थांबवणाऱ्या मालवणच्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर आणि निपाणीहून आलेल्या आम्हा हौशी पाणबुड्यांच्या श्वासाच्या हवेच्या टाक्या आपण मालवणच्या आपल्या दुकानात ज्या निगुतीने भरून दिल्यात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या टाक्या घाईघाईने भरून मिळत. दाबाचा काटा २०७ बार (बार हे दाबाचे एकक) दाखवी, पण टाकीला हात लावला की चटका बसे, आणि पाण्यात उतरल्यावर हवा थंड झाली की तोच काटा १८५ च्या आसपास येई. आमच्या ११.१ लिटरच्या टाकीत हे २२ बार म्हणजे सुमारे २४५ लिटर हवा, अर्थात दहा मीटर खोलीवर साधारण सहा मिनिटांचा श्वास. आपण मात्र कॉम्प्रेसरची नळी जोडून दाब हळूहळू चढवलात, आमच्यापैकी कोणी घड्याळाकडे पाहिले की "वायच थांबा" एवढेच म्हणालात, आणि टाक्या निवल्यावर पुन्हा दाब पाहून उरलेली हवा भरलीत.

त्या दिवशी वीज गेल्यामुळे शेजारच्या दुकानाचे जनरेटर सुरू झाले, तेव्हा आपण लगेच कॉम्प्रेसर थांबवून हवा ओढणारा पाइप वारा येत होता त्या बाजूला, धुरापासून दूर नेऊन बांधलात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जमिनीवर चालून जाणारे त्याचे प्रमाणही खोल पाण्यातल्या दाबाखाली घातक ठरू शकते. एवढ्यासाठी आपण काम खोळंबवलेत, तेही दारात गिऱ्हाइकांची रांग असताना. व्हॉल्व्हसमोर पांढरे फडके धरून थोडी हवा सोडण्याची आणि त्यावर तेलाचा डाग पडतो का हे पाहण्याची आपली सवय आता आम्हीही उचलली आहे.

सर्वांत मोठे आभार मात्र आपण न भरलेल्या टाकीबद्दल. तिच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासण्याच्या चाचणीची) तारीख पाच वर्षांपलीकडची निघाल्यावर आपण ती सरळ बाजूला ठेवलीत. आमच्यातल्या दोघांनी कुरकूर केली, जास्त पैसेही देऊ केले. आपण ऐकले नाहीत आणि भाड्याची टाकी पुढे केलीत.

निघताना आपण गावाचे नाव विचारलेत आणि बेळगाव म्हटल्यावर त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नका, असे बजावलेत. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, आणि लागोपाठ डाइव्ह केल्यावर अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडण्याआधी इतक्या उंचीवर जाणे धोक्याचे असते. आम्ही मालवणातच मुक्काम केला. (रात्रीचे बांगड्याचे जेवण हा त्यातला आमचा निव्वळ नफा!)

बाजूला ठेवलेली टाकी तपासणीला दिली आहे. ती पास झाली, तर पावसाळ्यानंतर समुद्र खुला झाल्यावर नवी तारीख ठोकून आपल्याकडेच भरायला आणू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बेळगावचा एक हौशी पाणबुड्या