उजेडाचा खर्च

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर जे अर्धवट राहिले ते पूर्ण सांगण्यासाठी हे पत्र. प्रयोगशाळेतील कीटकांच्या डोळ्यांविषयीच्या पुढच्या टप्प्याचे काम मी स्वीकारले आहे, तसे कळवूनही झाले आहे, आणि त्यामुळे इतक्यात कायमचे परतणे होणार नाही. बाबा, आजोबांच्या वेळी तुम्ही नोकरीबाबत जे ठरवलेत, ते मला या सगळ्या दिवसांत सतत आठवत होते. ते आठवत असूनही मी होकार दिला, म्हणून कारण नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

आई, माशीच्या डोळ्यात एवढे काय आहे, असे तू विचारलेस. मी लहान असताना दिवा मालवला की रडू लागायचे, आणि बाबा दार किलकिले ठेवून म्हणायचे की अंधारात डोळे विसावा घेतात. त्या शब्दांनी मला झोप लागायची, आणि आजही ते मला फार प्रिय आहेत. माणसाच्या डोळ्यातील, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी मात्र अंधारातच सर्वांत जास्त ऊर्जा खर्च करतात, कारण अंधारात त्यांच्या आवरणातील, आयन म्हणजे भारित कण आत सोडणाऱ्या वाहिन्या उघड्या असतात आणि उजेड पडला की त्या मिटतात. कीटकांमध्ये याच्या उलट घडते. त्यांच्या प्रकाशग्राही पेशीवर उजेड पडला की वाहिन्या उघडतात आणि सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. आत आलेले सोडियम बाहेर काढण्यासाठी पेशीतील पंप तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो, आणि अशा प्रत्येक फेरीला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. जितका उजेड अधिक, तितका पंपावरचा भार अधिक. अंधारातही पेशीच्या आवरणातून आयनांची थोडी गळती चालूच राहते, त्यामुळे काहीच न पाहणारा डोळासुद्धा ऊर्जा मागतो.

सायमन लाफलिन या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये माशीच्या डोळ्यातील हा खर्च मोजला, तेव्हा प्रकाशग्राही पेशीला माहितीच्या एका बिटमागे, म्हणजे एका हो-नाही इतक्या माहितीमागे, दहा लाख ते एक कोटी एटीपी रेणू लागतात असे आढळले. पुढे २००७ मध्ये लहानमोठ्या माश्यांची तुलना झाली. मोठ्या माशीची पेशी अधिक माहिती पाठवू शकते, परंतु मंद उजेडात, जेव्हा पाठवण्यासारखे थोडेच असते, तेव्हाही तिला आपल्या क्षमतेचा भार वाहावाच लागतो. गरजेपेक्षा चांगला डोळा कोणत्याही कीटकाला परवडत नाही, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर सत्य वाटते.

मला ज्याने बांधून ठेवले आहे ते मात्र नर मधमाशीच्या डोळ्याविषयीचे काम आहे. त्या डोळ्यात ऑक्सिजन वापरून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या जवळजवळ सगळ्या तंतुकणिका प्रकाशग्राही पेशींतच असतात, तर ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा त्यांच्या भोवतीच्या आधारपेशींत असतो. जिनिव्हाचे मार्कोस त्साकोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले की या आधारपेशी ग्लुकोजचे रूपांतर करून शेजारणीला इंधन पुरवतात. ते इंधन मुख्यतः अ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल असल्याचे पुढे स्पष्ट झाले, आणि त्यातून सुटणारा अमोनिया आधारपेशीच परत घेतात. परीक्षेच्या रात्री माझ्या उशाशी बसून राहणारी तू, आई, मला हे वाचताना दिसलीस. उजेड अचानक वाढला की मागणी वाढल्याचे या पेशींना कसे कळते, आत शिरलेले कॅल्शियम तंतुकणिकांना आधीच जागे करते की एटीपी घटल्यावरच त्या वेग घेतात, हा माझा प्रश्न आहे. तो मध्येच सोडून मी आले असते, तर तुमच्याजवळ राहूनही माझे मन तिथेच राहिले असते. याचा अर्थ तुमच्यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे असा कृपया घेऊ नका.

माझी काळजी करू नका. प्रयोग अंधाऱ्या खोलीत मंद तांबड्या दिव्याखाली चालतात, कारण माशीला तांबडा उजेड फारसा दिसत नाही. पण मी दुपारी उन्हात फिरून येते, वेळेवर जेवते आणि रात्री पुरेशी झोपते. खोली उबदार आहे आणि पांघरूणही भरपूर आहे.

आता मी सांगते ते ऐका. माशीच्या अभ्यासातून तुमच्या डोळ्यांवर औषध निघेल असे मी म्हणणार नाही, पण माणसाचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, हा शरीरातील सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतींपैकी एक आहे, आणि मधुमेहाने त्याच्या रक्तवाहिन्या बिघडू लागल्या तरी सुरुवातीला नजरेत काहीही फरक जाणवत नाही. म्हणून बाबा, "मला स्वच्छ दिसते" हे उत्तर मी मान्य करणार नाही. दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी झालीच पाहिजे, आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आई, तू वाचताना दिवा पुस्तकाजवळ घे, आणि रात्री उठायचे तर मार्गातला लहान दिवा चालू असू दे.

तपासणीची तारीख ठरली की मला लगेच कळवा. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, त्यामुळे बाबांनी त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि आई, तू त्यांच्यासोबत जायचे.

तुमची,
लेक