भूत साहेबाचे, तुळया सरकारच्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

खानदेशात इंग्रजी अमदानीतला बंगला ओस पडला की त्यात साहेबाचे भूत मुक्कामाला येते. आमच्या गावाबाहेरच्या बंगल्यातही आहे. ‘रातले तठे गोरा सायेब घोडावर फिरस,’ हे लहानपणापासून ऐकत आलो. भूत कोणाचे, तर म्हणे आउट्रमचे. जेम्स आउट्रमने 1825 मध्ये धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, खानदेशात वाघांची अफाट शिकार केली, हे खरे. पण तो वारला 1863 मध्ये फ्रान्सात आणि त्याला पुरले लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत. तिथून रोज रात्री आमच्या तालुक्यात रपेट मारायची म्हणजे चिकाटी मानली पाहिजे. आमच्याकडे वीजसुद्धा एवढी नेमाने येत नाही.

भुताशी माझे भांडण नाही. त्याच्या आडून जे चालते, त्याबद्दल लिहितो आहे.

बंगला दगड-चुन्याचा, भोवती रुंद व्हरांडा, वर कौले. दिवाणखान्याच्या भिंतीत मुठीएवढे भोक आहे. त्यातून पंख्याची दोरी बाहेर यायची आणि व्हरांड्यात बसलेला गडी ती ओढायचा. रात्री आत कोणीतरी घोगरे किंचाळते म्हणतात. किंचाळतेच, माळ्यावर गव्हाणी घुबडांचे बिऱ्हाड आहे. ज्यांना खिडकीत पांढऱ्या तोंडाची मडम दिसली, त्यांनीही बहुधा तेच पाहिले.

पण त्याच दिवाणखान्यात मान वर करून बघा. सागाच्या तुळया जिथे भिंतीत शिरत होत्या तिथे आता खळगे आहेत. काही जुने, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेले. काहींच्या कडा मात्र ताज्या, चुना अजून पांढराफेक. जुन्या सागाला काय भाव आहे ते कोणत्याही वखारीत कळेल. एवढे जड लाकूड रातोरात उतरवायचे तर दिवेलागणीनंतर तिकडे कोणी फिरकणार नाही याची खात्री लागते, आणि ती खात्री साहेब फुकटात देतो. अमावस्येला कंपाउंडात लिंबू-नारळ पडलेले दिसले की मला हल्ली भीती वाटते ती उरलेल्या तुळयांची.

एका कार्यालयात अर्ज दिला, तर जागा दुसऱ्या खात्याची असल्याचे कळले. दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवले. पाहणीला माणूस पाठवा म्हटले, तर तिथला कारकून हसून म्हणाला, ‘सर, तिथं आमचा शिपाईपण जायला तयार नाही.’

आणखी एक गोष्ट मला खटकते. या कथांमध्ये भूत नेहमी गोऱ्याचेच. 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणीला भिल्लांनी इंग्रजांशी लढाई दिली, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यातला कोणी आमच्या एकाही बंगल्यात फिरत नाही. पंख्याची दोरी ओढणारा तर इथलाच कोणी असणार. त्याचे नाव ना दप्तरात, ना भुताच्या गोष्टीत.

अशा ठिकाणी ‘हॉरर टुरिझम’ आणायची कल्पना कोणी आपल्यापुढे मांडली, तर कृपा करून तिला हात लावू नका. मोबाईल घेऊन कुंपणावरून उड्या मारणारी पोरे आत्ताच पुष्कळ आहेत. भूत उतरवतो म्हणून मारझोड करणाऱ्यांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, तो तिथे वापरावा. आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी. त्या गोष्टी अहिराणीत, सांगणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत उतरवून घ्याव्यात. जळगावचे विद्यापीठ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांना हे काम परके नाही.

बंगल्यांसाठी पहिली गरज यादीची आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत इंग्रजी काळातल्या अशा किती वास्तू उभ्या आहेत, कोणत्या खात्याच्या नावावर आहेत, हे महसूल आणि बांधकाम खात्याला एकत्र बसवून ठरवा. ज्या योग्य ठरतील त्या 1960 च्या राज्याच्या प्राचीन स्मारक कायद्याखाली घ्या. दारावर मराठीत पाटी लावा: कोणी बांधला, कशासाठी, कोण राबले. आउट्रमचा संबंध नसेल तर तेही लिहा.

यादीला वेळ लागेल, हे समजते. तोवर निदान आमच्या बंगल्यातल्या उरलेल्या तुळया मोजून पंचनामा करायला एक माणूस पाठवा. दिवसा पाठवला तरी चालेल, सोबतीला मी येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव जिल्हा