विषय : राउटर माझ्या घरात, ताबा आपल्याकडे – पाचवी तक्रार

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग यांस,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज माझे 47 मिनिटे बोलणे झाले आणि ते चालू असतानाच ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश मोबाइलवर आला. समाधान नेमके कोणाचे झाले, याचा त्यात उल्लेख नव्हता, म्हणून हे पत्र.

आपण बसवून दिलेल्या राउटरमध्ये डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ अंकी पिनने वायफायला जोडण्याची सोय) मुळातच चालू असते. ते बंद का ठेवावे हे आपल्याला सांगायची गरज नसावी, पण माझी तक्रार नोंदवणाऱ्या चौघांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. आठ अंकी पिनमधला शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो आणि उरलेल्यांची तपासणी दोन तुकड्यांत होते, त्यामुळे फार तर 11,000 प्रयत्नांत पिन हाती लागतो. तो लागला की वायफायचा पासवर्ड 8 अक्षरी असो वा 63 अक्षरी, काही फरक पडत नाही. ही उणीव डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालेली आहे. मी डब्ल्यूपीएस बंद केले, दोन दिवसांनी ते पुन्हा चालू झालेले दिसले. पुन्हा बंद केले, पुन्हा चालू. असे सहा वेळा झाले, कारण टीआर-069 (ग्राहकाच्या राउटरच्या सेटिंग कंपनीला दुरून बदलू देणारी पद्धत) मार्फत आपली यंत्रणा स्वतःच्या सेटिंग माझ्या राउटरवर परत लादते आणि तिला अडवण्यासाठी लागणारा ॲडमिन पासवर्ड आपण मला देत नाही.

आज तोच पासवर्ड मी मागितला. आपल्या प्रतिनिधीने प्रथम विचारले, “वायफाय चालू आहे ना मॅडम? मग प्रॉब्लेम काय आहे?” मी डब्ल्यूपीएसचे सारे पहिल्यापासून सांगितले. त्यावर काही क्षण कीबोर्डचा आवाज आला आणि मग मोठ्या उत्साहाने, “अच्छा, पासवर्ड विसरलात का? थांबा, मला इथे दिसतोय,” असे म्हणून त्यांनी माझा वायफायचा पासवर्ड मलाच वाचून दाखवायला सुरुवात केली. कॅपिटल टी, स्मॉल क्यू, सात, अंडरस्कोर. तो 24 अक्षरी पासवर्ड मी आदल्या रात्री ठेवला होता आणि घरातही अजून कोणाला सांगितला नव्हता. मी थांबा म्हणाले तरी ते “लिहून घेताय ना?” म्हणत शेवटच्या अक्षरापर्यंत गेले आणि वर सल्ला दिला, “एवढा मोठा कशाला ठेवलात? घरातलं एखादं नाव आणि जन्मसाल ठेवा, लक्षात राहतं.” ॲडमिन पासवर्ड मात्र सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकाला देता येत नाही, असे त्यांनी त्याच दमात सांगितले. कोणाच्या सुरक्षेच्या, असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले, “घरात कोणी टेक्निकल माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन द्या.” घरातील टेक्निकल माणूस मीच आहे, हे ऐकल्यावर त्यांनी मला होल्डवर ठेवले. तेवढ्यात तो समाधानाचा संदेश आला.

एवढ्यासाठीच मी स्वतःच्या पैशांनी राउटर विकत घेतला. त्यात डब्ल्यूपीए3 ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत आहे, अद्ययावत फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) मी स्वतः घालू शकते, आणि पाहुण्यांसाठी व घरातील कॅमेऱ्यासाठी वेगळे नेटवर्क ठेवता येते. मला आपल्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत : आपला डबा ब्रिज मोडवर टाकून द्यावा, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल आणि बाकी काम माझा राउटर करील, आणि पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीसाठी आपल्या यंत्रणेत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम व पासवर्ड कळवावे. “पॉलिसीत बसत नाही,” एवढेच उत्तर तीन वेळा मिळाले. जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर जोडू देणे आणि त्यासाठी लागणारी माहिती देणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा यात तांत्रिक अडचण आहे असे कृपया कळवू नये. सध्या मी माझा राउटर आपल्या राउटरमागे जोडून डबल नॅटचा (दोन राउटरनी एकामागोमाग नेटवर्क पत्ते बदलण्याचा) त्रास सोसते आहे आणि आपले वायफाय बंद ठेवते. तेही आपोआप चालू होते, डब्ल्यूपीएससकट. जे उपकरण माझ्या ताब्यात नाही, त्याचे भाडे मात्र दर महिन्याला माझ्याच बिलात येते.

तारेच्या दर्जाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, ओळखीतल्या तीन घरांना मीच आपले नाव सुचवले होते. त्यांना आता काय सांगावे, हे मला कळत नाही. सात दिवसांत ब्रिज मोड आणि पीपीपीओईचा तपशील लेखी मिळाला नाही, तर मी जोडणी बंद करीन, दूरसंचार नियामकाकडे तक्रार नोंदवीन आणि माझा पासवर्ड आपल्या किती कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर दिसतो, याचा लेखी खुलासा तेथूनच मागवीन. या मुदतीत ‘निकाली काढली’ असा संदेश पुन्हा पाठवू नये.

फोन ठेवल्यावर मी आपल्या राउटरवरचा वायफायचा पासवर्ड पुन्हा बदलला आहे. तो येथे लिहीत नाही. आपल्याला दिसतच असेल.

आपली,
एक ग्राहक