भाऊबीजेची चिठ्ठी

बडोदे, ९ नोव्हेंबर २०२५

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतोस, म्हणून लिहितोय. भाऊबीजेच्या रात्री मी पाळीला गेलो आणि सकाळी साडेसातला परत आलो तर तुझ्या चपला जागेवर नव्हत्या. गाडी दुपारची होती ना? आई काही बोलली नाही. चकलीचा डबा ओट्यावर तसाच होता, तूच लावलेल्या रबरासकट. त्यातली एकही चकली मी कोणाला काढू दिलेली नाही. समोरच्या काकूंचा मुलगा पुढच्या आठवड्यात बंगळुरूला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

तबकातली तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. ‘चिनूस ओवाळणी : गेमिंग कन्सोल, ती सांगेल तो.’ तिच्या हातात निरांजन, तुझ्या डोक्यावर अजून अक्षता, आणि मी मामा-मामींसमोर बोललो की पन्नास हजारांची खेळणी घ्यायला नोकरी लागली आहे का. असं बोलायला नको होतं. पहिला बोनस तुझा, ओवाळणी तुझी, बहीणही तुझी. मी मध्ये पडायचं कारण नव्हतं. तिचा हात हलला आणि तूप तबकात सांडलं, ते मला रोज दिसतं.

तर हे पत्र कन्सोलबद्दल आहे. चिनूबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय, तिथे तुझ्या डोक्याला घोर नको.

गेल्या आठवड्यात पहिली पाळी होती. सुटल्यावर तीन दिवस अलकापुरीतल्या दुकानांत जाऊन आलो. पहिल्या दिवशी काय विचारावं तेही सुचेना. दुसऱ्या दिवशी प्रश्न लिहून नेले.

तू म्हणत होतास तो छोटा पांढरा एक्सबॉक्स सीरिज एस पाहिला. भारतात २०२० साली आला तेव्हा ३४,९९० ला होता, मोठ्या सीरिज एक्सपेक्षा पंधरा हजारांनी कमी. एवढीशी पेटी, शोकेसमध्ये कुठेही मावेल. गेम पासची वर्गणी भरली की एकेक गेम विकत घ्यायला नको, हे तुझं म्हणणं पटलं. पण त्याला डिस्कची खाचच नाही आणि पुढे बसवूनही घेता येत नाही. सगळं डाउनलोड. मोठे गेम शंभर जीबीच्या वर जातात आणि पहिल्या मॉडेलात जागा ५१२ जीबी, त्यातलाही मोठा भाग मशीन स्वतःलाच ठेवतं. म्हणजे एक काढायचा, एक घालायचा. वर्गणी बंद केली की त्यातले गेमही बंद, आणि वरच्या प्रकारची वर्गणी तर गेल्या महिन्यातच वाढली. पोरीला गेमची सवय लागायची आणि एखाद्या महिन्यात तुला भरायला जमलं नाही की तिने हिरमुसायचं, हे मला नको वाटतं. तुझ्या पगारातून दरमहा आणखी काही वजा व्हावं हेही नको.

निन्टेंडोचा स्विच मात्र मला मनापासून आवडला. स्टँडवर ठेवला की टीव्हीवर, उचलला की हातात. दोन्ही बाजूंच्या कांड्या सुटतात, त्यामुळे खोक्यातूनच दोघांची सोय होते, दुसरा कंट्रोलर वेगळा आणावा लागत नाही. तिथल्या मुलाने सांगितलं की ही कंपनी क्योटोमध्ये १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघाली होती. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग तोच घ्या, पत्तेवाल्यांना माणसं एकत्र बसवता येतात.” पण कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. नवीन स्विच २ यंदा जूनमध्ये जगभर आला, तोही आपल्याकडे बाहेरून आणलेलाच मिळतो. बिघडला तर वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. आणि जुन्या स्विचच्या कांड्यांबद्दल एक तक्रार सगळीकडे आहे, स्टिकला हात न लावता गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागतो. एवढे पैसे घालून तेरा वर्षांच्या मुलीला दुरुस्तीवाल्याच्या दारात उभं करायचं नाही.

राहिला प्लेस्टेशन ५. भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये आकाराने लहान केलेला स्लिम आला तो ५४,९९० ला. टीव्ही, फ्रिज सगळं जुनं झालं की उतरतं, हे मात्र चढतंय. डिस्कवाला घेतला तर एक सोय आहे, एक गेम संपवून दुसऱ्याशी बदलता येतो, विकताही येतो. रावपुऱ्यात तू पन्नास रुपयांवर अडून बसायचास ते आठवलं. खोक्यात कंट्रोलर एकच येतो. दुसरा बाजारात आला तेव्हा ५,९९० चा होता.

मी त्या दुसऱ्या कंट्रोलरपाशीच अडलोय. तो कोणी धरायचा?

लिहिणार नव्हतो, पण लिहितोच. तू जूनमध्ये गेल्यापासून चिनू बोलत नाही. भांडत नाही, रडत नाही, विचारलं की “ठीक आहे” म्हणते. शाळेतून आली की दप्तर झोपाळ्यावर टाकते आणि आतल्या खोलीत जाते. जेवताना एका कानात इयरफोन असतो. टीव्हीचा आवाज तुझ्यासारखा बरोब्बर १७ वर ठेवते, कोणी कमी केला तर परत १७ वर आणते, आणि बघत मात्र नाही. भाऊबीजेला पहिल्यांदा तिचा चेहरा फुललेला दिसला होता, आणि तेव्हाच मी बोललो. आता कोणता कन्सोल हवा विचारलं की “कुठलाही चालेल” एवढंच.

तुझ्या त्या खोलीचं दार मला आठवतं. २०२० मध्ये कॉलेज बंद, तू आत, मोबाइलवर तो पबजी, आणि ताट दाराशी ठेवलेलं. सप्टेंबरमध्ये सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि तू दोन दिवस कोणाशी बोलला नव्हतास. त्या महिन्यांत तुझ्या मित्रांचे आवाज त्यातूनच येत होते, बाहेर कुठेच भेटता येत नव्हतं, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. पण दार बंद होतं, निनाद. आणि आता चिनूचं दार बंद असतं. त्या दारामागे मी आणखी एक स्क्रीन ठेवायचा का, एवढाच माझा प्रश्न होता. तो मला तेव्हा नीट मांडता आला नाही आणि पैशांवर घसरलो.

म्हणून काही गोष्टी आधीच सांगतो. मशीन हॉलमध्येच राहील. शाळेच्या दिवशी एक तास, शनिवार-रविवारी दोन. फोनवरून वेळेची मर्यादा घालता येते, तिघांतही ती सोय आहे. माझं कार्ड त्यात जोडायचं नाही, तुझंही नाही. सहामाहीचं गणित आधी. अनोळखी माणसांशी बोलणं बंद. हेडफोन लावून खेळायचं नाही. रात्री जेवणानंतर

हे काय लिहीत बसलो मी. तू चोवीस वर्षांचा आहेस, हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तुझी बहीण हे वाचणारही नाही. माफ कर. खोडत नाही, पण तू हा भाग सोडून दे.

तुझा पीएस२, तो जुना प्लेस्टेशन २, आठवतो? एकच कंट्रोलर चालायचा. चिनू चार वर्षांची होती, अक्षरओळख नव्हती, म्हणून तुझ्या मांडीवर बसून बटणांना नावं ठेवायची. चौकोन म्हणजे बर्फी, गोल म्हणजे लाडू, त्रिकोण म्हणजे समोसा आणि फुली म्हणजे नको. “दादा, बर्फी! दादा, लाडू, लाडू!” असा घरभर आरडाओरडा. आजी आतून विचारायची, कोणाकडे आहे रे फराळ. तू कारची शर्यत हरायचास तिच्यामुळे आणि तरी तिला खाली उतरवायचा नाहीस. दोघांच्या हातात मिळून एकच कंट्रोलर, तुझा अंगठा खाली आणि तिचा वर.

दहावीच्या वर्षी मी तो काढून घेतला. परीक्षा झाली की देतो म्हणालो होतो. तू ९१ टक्के आणलेस. मी कारखान्यात पेढे वाटले, पाळीतल्या माणसांना तीन दिवस तेच सांगत होतो, आणि पीएस२ दिला नाही. आधी अकरावीचं कारण, मग बारावीचं. तू एकदाच विचारलंस, नंतर विचारायचं सोडलंस. तुला वाटतं मी तो भंगारवाल्याला दिला. तसं नाही.

तो शोकेसच्या खालच्या खणात होता, माझ्या आयकराच्या फायलींमागे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा समातल्या आपल्या घरात कमरेएवढं होतं. रस्त्यावर मगरी येतील म्हणून कोणी खाली उतरू देईना. तू तेव्हा होस्टेलवर होतास, आम्ही वरच्या बिऱ्हाडात होतो. पाणी ओसरल्यावर मी खण उघडला. तो फुगून बसला होता, पाय लावून ओढावा लागला. पीएस२ हातात घेऊन तिरपा केला तर डिस्कच्या कप्प्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं, बराच वेळ येत राहिलं. गच्चीवर वर्तमानपत्र घालून चार दिवस उन्हात ठेवला. दुरुस्तीला नेला, तो माणूस म्हणाला बोर्ड गेला. मेमरी कार्ड मी जपून ठेवलंय, आठ एमबीचं ते काळं. चालत असेल असं वाटत नाही. तुझ्या शर्यती त्यात असतील म्हणून टाकवलं नाही. एवढी वर्षं घरात असून तुला दिला नाही, हे आज सांगतोय.

तुझ्या जुन्या डिस्क नव्या मशीनवर चालत नाहीत, तेही विचारून आलो. पीएस४ च्या चालतात, पीएस२ च्या नाहीत.

आता जे झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने प्लेस्टेशनचा कंट्रोलर माझ्या हातात दिला, “काका, हाथमां लई जुओ.” हातात नीट बसला, जरा जड. आणि बटणांवर तीच चार चिन्हं. एक्सबॉक्सवर ए, बी, एक्स, वाय असतात, स्विचवरही तीच अक्षरं. मी फोनवर फोटो काढून आणला आणि चिनूच्या ताटाशेजारी ठेवला, काही बोललो नाही. तिने इयरफोन काढला. फोटो बोटांनी मोठा केला, अंगठा स्क्रीनवर टेकवला आणि म्हणाली, “बर्फी.” मग म्हणाली, “दादाच्या फ्लॅटवर पण हाच आहे. त्याच्या रूममेटचा.”

मला हे माहीत नव्हतं. तिला माहीत होतं आणि ती सांगत नव्हती, कारण तो महाग आहे आणि बाबा चिडले होते.

त्यावर मी परत दुकानात फोन केला. दोन्हीकडे एकच मशीन असेल तर दोन गावांतून एकत्र खेळायला अडचण कमी. वेगवेगळी असतील तर काही गेम जुळतात, काही जुळत नाहीत. विकत घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशनचीही वर्गणी लागतेच, ती मी भरेन. म्हणजे तू तिकडे आणि ती इकडे हॉलमध्ये. हेडफोन लावायला मी नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो. तुझा आवाज ऐकायला लावेल तर लावू दे. पण रूममेटचा आहे, तो रोज रात्री तुला देईल का? आणि तू नऊला घरी पोचतोस का? मागे म्हणालास की साडेदहा होतात. ती वाट बघत बसली आणि तू आला नाहीस, तर त्यापेक्षा न घेतलेला बरा. हे दडपण म्हणून लिहीत नाही. आठवड्यात दोनच दिवस ठरव, पण ठरलेले पाळ. तिला खेळ नको आहे असं नाही, पण तू हवा आहेस. ती बोलत नाही रे.

तर स्लिम, डिस्कवाला. अर्धे पैसे माझे. ओवाळणीत बापाने भागीदारी करायची नसते असं आई म्हणते, पण दुसरा कंट्रोलर तरी मी घेतो. तू दिवाळीला, गणपतीत आलास की तो तुझा, एरवी आजी शिकेन म्हणते. तिचा डावा हात अजून पूर्ण उचलत नाही, तरी शिकेन म्हणते.

एक अडचण आहे. पुरानंतर केलेल्या नव्या शोकेसचा टीव्हीखालचा खण मी मोजला, आतून बरोबर चौदा इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. स्लिमची लांबी ३५.८. तीन मिलिमीटरसाठी बसत नाही, शिवाय हवा खेळायला बाजूने जागा हवी, बंद खणात तापेल. उभा ठेवला तर चिनूचा धक्का लागेल. सुताराला बोलावलंय. मधली फळी काढून दोन खणांचा एक करणार आणि मागे वायरींसाठी भोक. तो रविवारी दहाला येतोय. मापं पुन्हा एकदा घ्यायची आहेत, तर रूममेटला विचारून पट्टीने मोजून कळव, वायरी मागे किती इंच बाहेर येतात तेही.

डबा मिळाला की फोन कर. आईला कर, मी बाजूलाच असेन.

तुझा,
बाबा