रुमाल पडल्यावरचा वार

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, रागावला असशील. माफ कर. तब्येत ठीक, गुडघाही.

काल खेवसुरुली पाहिली, तो जॉर्जियातला ढाल-तलवारीचा नाच. दोघांची जुंपलेली, बाई मधे आली, डोक्यावरचा रुमाल टाकला. तो जमिनीला टेकल्यावर एकाची तलवार दुसऱ्याच्या ढालीवर खणकली! ठिणग्या उडाल्या, टाळ्या पडल्या. मला मात्र ठेच लागल्यासारखं झालं. अरे, खेवसुरेतीच्या डोंगरात त्या रुमालाला मंदिली म्हणतात (आपला मंदील आठवला ना?). ती पडली की वार थांबलाच पाहिजे. बाईची पाठ वळल्यावर पुन्हा जुंपते, ती परत येऊन थांबवते, आणि जिंकलं कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. अख्खा नाच त्या थांबण्यावर उभा आहे. ज्या लोकांत परिकाओबाच्या (ढाल-तलवारीच्या) खेळातली जखमसुद्धा जवाच्या दाण्यांनी मोजून गायींत भरपाई ठरायची, त्यांना हात आवरण्याची किंमत ठाऊक होती.

चूक कुठे झाली सांगतो. वार खांद्यातून आला. खांद्याचा वार मधेच आवरत नाही, मनगटाचा आवरतो. शिवाय दोघांची नजर ठिणग्यांवर, बाईकडे कुणीच बघेना. रुमालही झिरझिरीत, तरंगत तरंगत उशिरा खाली आला. कापड थोडं जड हवं आणि तलवारी आपटून मागे फिरतात त्याच क्षणी टाकायला हवं. ठिणग्यांसाठी पोलादावर पोलाद घासलं की धारेला खाचा आणि बारीक काटे येतात, तेच जोडीदाराच्या बोटांत शिरतात. तालीम संपली की कानस फिरवायची, मूठ हलवून बघायची. हे सगळं तू बंड्याला शंभरदा सांगितलंयस.

आणि हो, जॉर्जियातल्याच खोरुमी नाचावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास! पाच मात्रा म्हटल्यावर तू अर्ध्या झपतालाचं 'धी ना, धी धी ना' धरून बसलास. अजून सांगतो, अजारातल्या त्या युद्धनृत्यात तीन आधी, दोन नंतर. डोली, म्हणजे त्यांचा ढोल, नीट ऐक. तळाची जागा शोधणं, शत्रूचा माग काढणं, लढाई, विजय, सगळं त्या तीन-दोनवरच चालतं. उलटं मोजलंस तर पाय चुकीच्या मात्रेवर पडणार.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला पास झाल्याबद्दल शाबासकी. आप्पांना नमस्कार.

तुझ्या पोरांना खेवसुरुली बसवणार असशील तर पहिला आठवडा तलवारी हातात देऊ नकोस. नुसत्या काठ्या दे, आणि रुमाल पडला की थांबायला शिकव.

तुझा,
विन्या