मस्टरवरचं नाव

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी गेल्याचं कळल्यावर रविवारी फोनवर आई एकच विचारत राहिली, "तुझा काय चुकला गो?" आणि मागून बाबांचा आवाज येत होता, "ले-ऑफच ना? बोलवतील परत." त्या वेळी दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. आई रडायला लागली आणि बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बाबांचं सांगते. गिरणीनंतरच्या तुमच्या कारखान्यात ले-ऑफ लागायचा तो मला आठवतो. लोखंड आलं नाही की तुम्ही डबा न घेता जायचात, गेटवर हजेरी लावायचात आणि मी शाळेला निघायच्या आत परत यायचात. येताना कधी बांगडे आणायचात. आई म्हणायची, अर्ध्या पगाराचे दिवस आहेत, जपून खर्च करा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसंच होतं. कच्चा माल नाही, कोळसा नाही, वीज नाही, मशीन बिघडलं, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होतील त्याच्या निम्मे पैसे देतो, आणि तेही रोज हजेरी लावली तरच. मस्टरवरचं नाव मात्र हलत नाही.

आमच्या ऑफिसात शब्द तोच वापरतात, पण परत कुणी बोलवत नाही. माझं कार्ड त्याच संध्याकाळी बंद झालं. तुमच्या युनियनच्या भाषेत ही रिट्रेंचमेंट, कपात. कंपनीने आमचं अकरा जणांचं कामच बंद केलं. तुमच्याकडे कपातीची वेळ आली की सीनियॉरिटीची यादी बोर्डावर लागायची आणि शेवटी आलेला आधी जायचा. आमच्याकडे यादी कुणी पाहिली नाही. नऊ वर्षं काम केलेली मीही गेले आणि दीड वर्षापूर्वी लागलेला मुलगाही गेला.

आई, तू विचारतेस ते वेगळं. काढून टाकणं म्हणजे बडतर्फी. त्यात आधी आरोप लागतो, चार्जशीट येते, चौकशी बसते, माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते. आपल्या चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं झालं होतं तसं. त्यांच्या चौकशीत बाबा त्यांच्या बाजूने बोलायला बसायचे आणि रात्री कंदिलाएवढ्या उजेडात कागद वाचत राहायचे. बडतर्फीत काही गुन्ह्यांसाठी ग्रॅच्युइटीसुद्धा अडवता येते. माझ्यावर ना आरोप, ना मेमो. कायदाच कपातीची व्याख्या करताना म्हणतो की शिक्षा म्हणून केलेली ती कपात नव्हे. माझी नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्ण मिळणार आहे, वर्षाला 15 दिवसांच्या हिशोबाने.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे आधी राजीनाम्याचा कागद ठेवला होता. "पुढच्या नोकरीला बरं दिसेल," म्हणाले. बाबा, हात पेनापर्यंत गेलाही होता. राजीनामा दिला की मी आपणहून गेले असं होतं, आणि मग नोटिशीचे पैसे मागायला तोंड उरत नाही. न वाचता सही करायची नाही, हे तुम्ही मला बँकेचं पहिलं खातं काढताना सांगितलं होतंत. मी म्हटलं, पद रद्द झालं असं लेखी द्या. तासभर बसवून ठेवलं, पण दिलं.

मी मॅनेजर, त्यामुळे कायदा मला कामगार धरत नाही. मला नेमणुकीच्या पत्राप्रमाणे दोन महिन्यांचा पगार मिळेल, तेवढाच. पण माझ्या टीममधल्या दोघींच्या हाताखाली कुणी नव्हतं. त्यांना मी सांगितलं, तुम्ही नुकसानभरपाई मागा. एका वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार हा जुन्या कायद्यातला आकडा 2020 च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तसाच आहे. एकीची सहा वर्षं भरली होती, म्हणजे 90 दिवसांचा पगार. ती राजीनामा देऊन निघालीच होती, जिन्यात गाठून थांबवलं. ते जमलं याचं मला फार बरं वाटतं.

बाबा, 18 जानेवारी 1982 ला तुम्ही संपासाठी गिरणीतून बाहेर पडलात, तेव्हा तुमच्यासारखे अडीच लाख होते. गिरणीचं गेट पुढे उघडलं, पण तुम्हाला कुणी आत घेतलं नाही. गावी आलात की लोक विचारायचे, का काढलं? तुम्ही मान खाली घालून उठून जायचात, असं आजीने मला सांगितलंय. तुमचं काही चुकलं नव्हतं. तरी ती मान इतकी वर्षं खाली राहिली, याचा मला अजून राग येतो.

म्हणून आई, शेजारच्या काकूंना मी रजेवर आहे असं सांगू नकोस. कपात झाली, असं सांग. आवाज न बदलता सांग. कुणाच्या पुतण्याच्या कंपनीत जागा असेल तर तेही कळेल.

घराचा हप्ता पुढचे पाच महिने भरता येईल, तेवढं बाजूला आहे. पीएफला अजून हात लावणार नाही. तुमच्या औषधांचे पैसे नेहमीसारखे एक तारखेला येतील, त्यावरून बोलू नका.

सोबत कंपनीच्या पत्राची झेरॉक्स आहे. इंग्रजीत आहे. तिसऱ्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. तिथे लिहिलंय की पद रद्द झाल्यामुळे सेवा संपली आणि माझ्या कामाबद्दल कंपनीची काही तक्रार नाही. बाबा, तेवढी ओळ आईला मराठीत वाचून दाखवा, आणि मग कागद तुमच्या ट्रंकेत, तुमच्या गिरणीच्या पासाशेजारी ठेवा.

तुमची,
बाय